काळजी करण्यासारखं काही नाही

कल्याणचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात शेण भरत होते. हात भरलेले, म्हणून माझ्या लेकीनं, धनश्रीनं, फोन माझ्या कानाला लावून धरला. कल्याण माझा धाकटा भाऊ. काष्टीजवळ आमच्या माहेरच्या मळ्यात तो आई-आप्पांजवळ राहतो, आणि एक जत्रा आणि एक दिवाळी सोडली तर त्याला बहीण आठवत नाही. सकाळी सकाळी त्याचा फोन म्हणजे काहीतरी झालं असणार.

"अक्का, आप्पांना जरा बरं न्हाई," तो म्हणाला. "काळजी करन्यासारखं काई न्हाई. पन तू ये निघून."

"काय झालं?"

"काई न्हाई गं, छातीत जरा दुखतंय. दाजींनाबी घेऊन ये. धनू घरी हाय ना? तिलाबी आन. आनि काईतरी खाऊन निघ, उपाशी येऊ नको."

फोन बंद झाला. मी तशीच शेणाच्या हातानं गव्हाणीच्या कट्ट्यावर टेकले.

"आप्पा गेले," मी म्हणाले.

"मम्मी, मामा असं कुठं म्हणाला?" धनश्री म्हणाली. "मी ऐकलं ना, छातीत दुखतंय म्हणाला."

आता हिला काय सांगायचं? आमच्यात माणूस गेलं हे फोनवर कुणी सांगत नाही. ऐकणाऱ्याला वाटेत काही होऊ नये म्हणून मेलेल्याला जिवंत ठेवूनच सांगायची रीत आहे. माझे सासरे गेले तेव्हा नणंदेला 'बापाला ताप आलाय' असं सांगून बोलावलं होतं. माझे थोरले मामा ट्रॅक्टरखाली सापडून जागच्या जागी गेले, तर सगळ्या पाहुण्यांना 'पायाला लागलंय, बघायला या' असा निरोप गेला. निरोप देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी कुणी विचारत नाही. घेणारा निमूट कपाटातलं जुनं लुगडं काढतो आणि वाटेला लागतो.

त्यात कल्याणनं सांगताना एकही खूण गाळली नव्हती. दाजींना आण, म्हणजे खांद्याला माणूस पाहिजे. पोरीला आण, म्हणजे शेवटचं तोंड बघायला. आणि खाऊन निघ! मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून लांबच्या पाहुण्याला खाऊन निघायला सांगतात. एरवी माझ्या पोटाची चिंता करायला कल्याण काही माझी आई नाही.

"मग सरळ फोन लाव आणि विचार," धनश्री म्हणाली.

मी लावला नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि तेवढंच मला नको होतं. विचारलं नाही तोवर आप्पांच्या छातीत नुसतं दुखत होतं.

धनश्री नगरला कॉलेजात मानसशास्त्र शिकते. सुट्टीला घरी आली की आमच्या प्रत्येकाच्या वागण्याला एक नाव देऊन जाते. तिच्या बापाला सांगायला मी गेले तेव्हा ती माझ्यामागून आली. रविराज, म्हणजे माझा नवरा, उसाच्या बांधावर उभा होता.  ऐकलं तसा तो गाडीपाशी गेला आणि चारही चाकांची हवा लाथेनं तपासत राहिला. लाथा जरा जोरातच बसत होत्या.

"हे बघ, पप्पा दाबून टाकतात," धनश्री हळूच म्हणाली. "आतलं आत."

"चूप बस," मी म्हणाले. "तुझ्या पुस्तकातलं आज नको."

मयताला निघायचं म्हणजे घाई नसते. ज्याच्याकडं जायचं तो कुठं पळून जात नाही. मागचं सगळं लावून जावं लागतं, कारण दहावा होईस्तोवर परत येणं होत नाही. मी दूध डेअरीला घातलं. गाईंना दोन वेळची वैरण काढून ठेवली. रविराजनं त्याच्या चुलतभावाला, बिभीषणला, बोलावून सांगितलं, "काष्टीला मयताला चाललोय, सासरे गेले. धारा काढ." बिभीषणनं कपाळाला हात लावला, माझ्याकडं बघून मान हलवली. मग मी आंघोळ केली, जुनं लुगडं नेसले, कानातलं काढून डब्यात ठेवलं. भाकरी पुढ्यात घेतली. तसंच ताट झाकून उठले. नेवासे फाटा सोडला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

गाडीत माझं चऱ्हाट सुरू झालं. मागच्या जत्रेला आप्पा राहा म्हणत होते आणि मी गाईंचं निमित्त सांगून निघून आले होते. तेव्हा ते वेशीपर्यंत आले होते का? आले होते. काही बोलले होते का? ते आठवेना. मी पुन्हा पहिल्यापासून आठवायला लागायची, आणि वेशीपाशी येऊन पुन्हा अडकायची. घोडेगाव आलं तसा रविराज म्हणाला, "कांद्याच्या गाड्या लई आल्यात आज."

मी खिडकीची काच खाली केली.

"पाऊस लांबला तर भाव चढंल," तो म्हणाला.

"अहो, माझा बाप मेलाय," मी म्हणाले. "कांदा काय घेऊन बसलाय?"

त्यानं गिअर बदलला. पण पांढरीपुलाच्या पुढं घाटात मी पाहिलं, स्टिअरिंगवरची त्याची बोटं पांढरी पडली होती. आप्पांचा त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव होता. जावयाला शेतात बरोबरीनं बसवून भाकरी खाणारा सासरा आमच्या भागात शोधून सापडायचा नाही. मला त्याची दया आली आणि तेवढाच रागही आला. रडायचं असेल तर रड की बाबा, कांद्याच्या आड काय लपतोस?

मागच्या सीटवरून धनश्रीनं मामाला फोन लावला. मी नको नको म्हणेपर्यंत लागलासुद्धा. उचलला तो सुकन्यानं, कल्याणच्या बायकोनं. धनश्रीनं स्पीकर चालू केला.

"मामी, आप्पाआजोबा कसे आहेत?"

 पलीकडं मागं पुष्कळ माणसं बोलत होती.

"या बाळा तुमी," सुकन्या म्हणाली. तिचा आवाज भरून आलेला. "पप्पांना म्हनावं गाडी सावकाश चालवा. काळजी करू नका."

 गाडी सावकाश चालवा, यानंतर बोलण्यासारखं काही उरत नाही. त्यात धनश्रीनं सवयीनं मोबाईल चाळला आणि तिच्या तोंडाचा रंग उडाला. मी फोन ओढून घेतला. आप्पांचा फोटो होता, फेट्यातला, धनश्रीच्या बारशाच्या वेळचा. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. बिभीषणनं स्टेटसला टाकला होता, आणि सासरच्या भावकीच्या ग्रुपवर लोक हात जोडत होते. आता अजून काय पाहिजे? छापूनच आलं होतं. ही बातमी त्याला आम्हीच सकाळी दिली होती, हे त्या क्षणी आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नगरला कापड घ्यायला थांबलो. मयताला लेकीच्या घरचं कापड लागतं. सोबत हार घ्यायचा. दुकानदार आधी हसून पुढं आला, मग माझं लुगडं बघून त्यानं हसू आवरलं आणि न विचारता पांढऱ्या धोतरांचा गठ्ठा काढला. रविराज म्हणाला, यातलं कुठलंही द्या. मी म्हणाले, कुठलंही कसं? आप्पा धोतराच्या बाबतीत भारी चिकित्सक. दुकानात धोतर उलगडून स्वतःच्या हातानं पन्हा मोजायचे, बोटाखाली सूत घासून बघायचे, आणि दुकानदाराला घाम फुटल्यावर मगच घ्यायचे. मी एक उलगडलं. पन्हा कमी वाटला. दुसरं उलगडलं. ते विरळ होतं. तिसऱ्याचं सूत बोटाखाली घासलं आणि माझ्या लक्षात आलं की मी अगदी त्यांच्यासारखी मान तिरकी केलीय. तिथंच काउंटरवर डोकं टेकून मी रडले. दुकानदारानं पंखा माझ्याकडं फिरवला.

धोतर चांगलं मिळालं. तेवढं मात्र मी मनासारखं केलं.

दौंड रस्त्यानं सरळ काष्टीला गेलो असतो, पण लंका आत्याला घ्यायला श्रीगोंद्याला वळलो. लंकाबाई आप्पांची धाकटी बहीण, तिथं तिच्या लेकाकडं असते. तिला न घेता गेलो असतो तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला अवेळी दारात बघितलं आणि तिचा हात थांबला.

"आत्या, चल," मी म्हणाले. "आप्पांना जरा बरं न्हाई. काळजी करन्यासारखं काई न्हाई."

तिनं माझ्या लुगड्याकडं बघितलं, मोकळ्या कानांकडं बघितलं. सूप बाजूला ठेवलं, भिंतीला धरून उठली आणि आत जाऊन जुनं पातळ नेसून आली. एक प्रश्न विचारला नाही. मी तिला खोटं सांगितलं नव्हतं आणि खरंही सांगितलं नव्हतं, तिला जे समजायचं ते समजलं होतं. धनश्री माझ्याकडं टक लावून बघत होती.

"तूसुद्धा तेच म्हणालीस," ती म्हणाली.

"मग काय दारातच सांगू? पडली बिडली म्हंजे?"

गाडीत आत्या डोळे मिटून बसली. डोळ्यांत टिपूस नाही. आत्याचं रडणं मयताच्या दारात सुरू होतं, आधी नाही. सगळ्या तालुक्यात तिच्यासारखं रडणारी बाई नाही, लांबलांबचे लोक तिला नेतात. ती सगळं साठवत होती, ओठ मात्र हलत होते.

"मानसशास्त्रात याला काय म्हनत्यात गं?" मी धनश्रीला विचारलं. खरं तर टोमणा मारायचा होता.

"पप्पा दाबून ठेवतात," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तू तेच तेच घोळवत राहतेस. आत्याआजी एकदम मोकळी होते, सगळ्यांसमोर."

"आनि तू?"

"मी नावं देते. नाव दिलं की भीती कमी होते म्हणतात."

"झाली का?"

"नाही," ती म्हणाली, आणि तोंडावर ओढणी घेऊन हुंदके द्यायला लागली. मी मागं हात करून तिचा गुडघा धरला. आप्पांनी तिला सायकल शिकवली होती, मागून कॅरिअर धरून, धोतराचा सोगा खोचून.

तेवढ्यात कल्याणचा फोन आला. "कुठवर आलात? लवकर या अक्का. सगळे थांबलेत." मी आलोच म्हणाले. सगळे थांबलेत, म्हणजे उचलायचं राहिलंय. मला एकदम घाई झाली. नगरला धोतरांत घालवलेला वेळ मला टोचायला लागला. तोंड तरी बघायला मिळेल ना? रविराजनं गाडी पळवली. उसाच्या दोन गाड्या आडव्या आल्या, त्यांना त्यानं असा हॉर्न दिला की बैल बुजले.

मळ्याच्या रस्त्याला वळलो आणि लांबूनच गर्दी दिसली. ओट्यावर पुरुष बसलेले, टोप्या हातात. अंगणात पांढरी ॲम्ब्युलन्स, मागचं दार उघडं. बायका घोळक्यानं जोत्यापाशी. दारात आई उभी होती, साळूबाई माझी, पदर कपाळाच्या खाली ओढून. मी गाडीतून उतरले ते तिच्या कपाळाकडं बघत. कुंकू आहे की पुसलंय तेवढंच मला बघायचं होतं, आणि तो पदर काही केल्या वर होईना. 

लंका आत्या माझ्या आधी उतरली. अंगणात पाय ठेवल्याबरोबर तिनं दोन्ही हात वर केले आणि हंबरडा फोडला.

"माझ्या दादा रं... मला सोडून कुठं गेलास रं... माझं म्हायेर बुडालं रं दादा..."

ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. कुणाला काही कळेना. आत्या तशीच छाती पिटत जोत्यापर्यंत गेली, आणि तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, दम लागलेला, पण आवाज माझ्या बापाचा.

"कोन गेलं गं, लंके?"

आत्या होती तिथंच उभी राहिली, हात वरच. आईनं पदर मागं सारला. कपाळावर कुंकू होतं, रुपयाएवढं. मी जोत्यावर बसले. मागं रविराज गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून खाली मान घालून उभा होता, आणि त्याचे खांदे गदगदा हलत होते.

कल्याण धावत आला, मला धरून उठवलं, स्वैपाकघरात नेलं. "ही आत्या काय येडी झाली काय?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "आप्पांना काय वाटंल?"

"आमी मयताला आलोय, कल्याण," मी म्हणाले.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. "मी म्हनलो का तुला? मी म्हनलो जरा बरं न्हाई."

"तेच तर म्हनत्यात सगळे. खाऊन निघ कशाला म्हनलास?"

"तुला उपाशीपोटी चक्कर येती म्हनून."

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. आयुष्यात एकदा भावानं माझ्या पोटाची काळजी केली आणि मी बापाला मारून मोकळी झाले.

मग त्यानं खरं सांगितलं. पहाटे आप्पांना अटॅक आला. दौंडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, हृदयाची नळी बंद झालीय, पुण्याला नेऊन मोकळी करावी लागेल. वेळेत नेलं तर वाचतील, उशीर केला तर सांगता येत नाही. आप्पा म्हणाले, आधी घरी चला, धोतर बदलतो. घरी आणलं तर खाटेवर आडवे झाले ते उठायलाच तयार नाहीत. रेश्माला, म्हणजे मला, बोलवा, एवढंच म्हणतात. ॲम्ब्युलन्स कधीची येऊन थांबली होती. सगळे थांबले होते ते यासाठी.

"त्यांना सांगितलंस का अटॅक आलाय म्हनून?"

"कसं सांगनार? हाय खाऊन जातील. गॅस झालाय म्हनलं, पुन्याला नुसतं तपासायला जायचंय. सगळ्यांनी तेच सांगितलं त्यांना."

आम्ही घाई नाही म्हणून गाईंची वैरण काढत होतो, पन्हा बघत होतो, श्रीगोंद्याला वळत होतो, आणि इथं माझा बाप माझ्या वाटेकडं डोळे लावून घटका मोजत होता.  मी आतल्या खोलीत गेले.

आप्पा उशीला टेकून पडले होते. कानिफनाथ हे त्यांचं नाव, आणि गावात ते घेतलं की धिप्पाड गडी डोळ्यांपुढं येतो. तो गडी राखेसारखा झाला होता, ओठ निळसर, कपाळावर घाम. मला बघून त्यांनी हात केला.

"आलीस. झालं," ते म्हणाले. "बाकीच्यांना भाईर काढ."

मी काढलं. आई तेवढी कोपऱ्यात मेथी निवडत बसून राहिली. संकट आलं की आईला हाताला काम लागतं. मेथी केव्हाच निवडून संपली होती, ती आता नुसती पानं इकडून तिकडं करत होती.

"मला गॅस झालाय म्हनं," आप्पा म्हणाले. मध्ये मध्ये थांबत होते. "गॅसला ॲम्ब्युलन्स लागती व्हय? कल्याण म्हनतो काळजी करन्यासारखं न्हाई. सुकन्या तेच म्हनती. डाक्टरबी हसून बोलला. तुझा मामा गेला तवा सगळ्या पावन्यांना मीच फोन केल्ते, पायाला लागलंय म्हनून. आन मलाच शिकवतोय हा कालचा पोर."

मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

"मी संपलोय, रेश्मा. समदं वळखलंय मी. मग पुन्यात जाऊन नळ्या लावून कशाला मरू? हितं मरतो, माझ्या घरात. तुझं तोंड बघायचं हुतं, ते बघितलं."

बाहेर ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर कुणालातरी म्हणत होता, अजून थांबलो तर माझा उपयोग नाही. मला ते स्पष्ट ऐकू आलं.

"आप्पा, तुमी संपला न्हाई," मी म्हणाले. "अटॅक आलाय. नळी बंद हाय. पुन्याला ती मोकळी करत्यात. येळेत गेलो तर वाचाल असं डॉक्टर म्हनलेत."

ते माझ्याकडं बघून हसले. लहानपणी मी पाटीवर खोटी सही करून आणली तेव्हा हसले होते, तसेच.

"तूबी शिकलीस," ते म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

आता काय करायचं? जे खरं होतं ते बोलून झालं होतं, आणि आमच्या घरात खऱ्याला पत राहिली नव्हती. ती आप्पांनीच घालवली होती, मामांच्या वेळी, आणि त्यांच्या आधी त्यांच्या बापानं. मी श्रीगोंद्यात आत्याच्या अंगणात अजून थोडी घालवून आले होते. मी बाहेर धावले. रविराजच्या हातून किल्ली ओढली, डिकीतली पिशवी घेतली आणि आत येऊन आप्पांच्या मांडीवर उपडी केली. धोतर पडलं. त्याच्यावर हार पडला, झेंडूचा.

आईच्या हातातली पानं खाली पडली. "अगं ए, काय करतीस?"

"आप्पा, हिकडं बघा," मी म्हणाले.  "कल्याणनं मला तेच सांगितलं जे तुमाला सांगितलं. काळजी करन्यासारखं काई न्हाई. मीबी वळखलं. तुमच्यासारखंच. नगरला थांबून हे घेतलं तुमच्यासाठी. आत्याला घेऊन आले. तिकडं बिभीषणनं तुमचा फोटोसुदीक लावलाय. आनि तुमी हितं खाटंवर बसून मला इचारताय, कोन गेलं?"

आप्पांनी हाराकडं बघितलं. मग धोतराची घडी उलगडली.  सवयीनं त्यांनी काठ हातावर धरून पन्हा मोजला, सूत बोटाखाली घासलं, मान तिरकी केली.

"चांगलं हाय," ते म्हणाले.

"सगळी धोतरं उलगडून बघितली."

त्यांनी हार उचलून बाजूला ठेवला. "म्हंजे कल्याण खरं बोलत हुता," ते म्हणाले.

"न्हाई. त्यो खोटंच बोलला. काळजी करन्यासारखं हाय, आप्पा. लई हाय. पन तुमी मेला न्हाई अजून."

आई कोपऱ्यातून उठून आली आणि खाटेच्या कडेला बसली. इतक्या वर्षांत मी तिला आप्पांजवळ असं बसलेलं बघितलं नव्हतं.

"तुला भ्या वाटतंय का?" आप्पांनी मला विचारलं.

"लई," मी म्हणाले. "सकाळपासून."

"मलाबी," ते म्हणाले. माझ्या बापानं भीती वाटते असं म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दाढीच्या खुंटांत अडकलं, त्यांनी ते पुसलं नाही. "आदी सांगायचं की मग असं," ते म्हणाले. "हं. धर मला. आन ते धोतर संगं घे, दवाखान्यात लागंल."

कल्याण आणि रविराजनं त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. अंगणातून नेताना लंका आत्या वाकून त्यांच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. एकदा सुरू केलेलं रडणं तिला आवरेना, आणि कुणी आवर म्हणालंही नाही. ओट्यावर धनश्री फोनवर ओरडत होती, "काका, आधी तो फोटो काढा." मी आप्पांजवळ आत बसले. कल्याण पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. रविराज आईला घेऊन मागून येणार होता.

गाडी दौंडच्या दिशेनं लागली. आप्पांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हात माझ्या हातात, गार आणि ओला. प्रत्येक खड्ड्याला मी त्यांच्या छातीकडं बघत होते, खालीवर होतेय का. ते माझ्याकडं बघत होते. मी विचारलं नसताना मान हलवायचे, आहे अजून, म्हणून.

पुढं कल्याणचा फोन वाजला. मुंबईच्या चुलत्यांचा असावा.

"व्हय काका," कल्याण म्हणाला. "न्हाई, काई न्हाई, आप्पांना जरा बरं न्हाई. काळजी करन्यासारखं..."

आप्पांनी माझ्या हातातला हात सोडवला आणि मास्क बाजूला केला.

"कल्याण," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं, पण कल्याणनं ऐकला. "अटॅक आलाय म्हन. न्हाईतर समदे धोतरं घेऊन येतील."

मी मास्क पुन्हा नीट लावला.  पलीकडून चुलते हॅलो हॅलो करत होते. मग कल्याण म्हणाला, "काका, आप्पांना अटॅक आलाय. पुन्याला न्हेतोय. काय हुईल सांगता येत न्हाई," आणि तेवढं बोलून माझा भाऊ लहान पोरासारखा रडायला लागला.